सावलीतली रानहळद: मे महिन्यातल्या कंदापासून भाद्रपदातल्या तुऱ्यापर्यंत

मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ, घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत किंवा दोन इमारतींच्या बोळात थोडी जागा ‘इथे काही येत नाही’ म्हणून सोडून दिलेली असते. बहुतेकजण शेवटी तिथे सिंगोनियम नाहीतर मनीप्लँट सोडून मोकळे होतात. त्या जागेसाठी आपल्याच डोंगरातलं एक फूल आहे, रानहळद. ते लावायला अवघड नाही. पण त्याचं वेळापत्रक आपल्या नेहमीच्या बागेच्या वेळापत्रकाशी अजिबात जुळत नाही. ही वनस्पती वर्षातले पाच महिने जमिनीवर असते आणि सात महिने जमिनीखाली झोपते. रानहळद गेल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याचशा या झोपेच्या काळात घातलेल्या पाण्याच्या असतात. म्हणून या लेखात लावणीइतकीच जागा मी पाणी बंद करण्यालाही दिली आहे.

आधी ओळख पक्की करा

‘रानहळद’ हे नाव गावोगावी वेगवेगळ्या झाडांना लावलं जातं. त्यामुळे कंद मागताना शास्त्रीय नावही सांगावं: कुरकुमा स्यूडोमोंटाना. मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली होती. १८३९ साली छापलेल्या त्या यादीतून हे नाव शास्त्रात आलं. ही वनस्पती पश्चिम आणि पूर्व घाटांतली. द्वीपकल्पी भारताबाहेर ती निसर्गतः उगवत नाही.

पानं साध्या हळदीसारखीच, फक्त झाड बुटकं, गुडघ्याच्या थोडं वर जाणारं. खरी ओळख तुऱ्यावर पटते. तुऱ्याच्या खालच्या भागात हिरव्या छदांच्या, म्हणजे फुलाला आधार देणाऱ्या पानासारख्या भागांच्या, खोबणी एकावर एक रचलेल्या असतात, आणि प्रत्येक खोबणीतून गडद पिवळं फूल डोकावतं. टोकाकडचे छद मात्र गुलाबी-जांभळे असतात आणि त्यांत फूल नसतं. लांबून आपल्याला जे ‘फूल’ दिसतं ते हेच रिकामे छद. खरं पिवळं फूल एखाद्या दिवसात मान टाकतं, पण छदांमुळे तुरा दोन-तीन आठवडे शोभिवंत राहतो.

तुरा जमिनीलगत, पानं पुरती यायच्या आधीच, जूनमध्ये आला आणि फुलंही जांभळट-गुलाबी असतील, तर ती बहुधा कुरकुमा इनोडोरा. तीही इथलीच, तीही सावलीत छान येते, आणि पुढे दिलेली पद्धत तिलाही चालते. महाबळेश्वर आणि कासच्या पठारांवर पावसाळ्यात पसरलेला चवर हा मात्र याच कुळातला तिसरा भाऊ. त्याला मोकळं आभाळ आणि पठारावरचं धुकं लागतं, सावलीच्या कोपऱ्यात तो रमत नाही. कोणी ‘तेच ते’ म्हणून चवर दिला तर घेऊ नका.

एक सावधगिरी. रानातल्या कंदांच्या पिशवीत कळलावीचा कंद मिसळलेला असू शकतो, कारण दोन्ही एकाच हंगामात, बऱ्याचदा एकाच झुडुपात उगवतात. कळलावीचा कंद गुळगुळीत आणि नांगराच्या फाळासारखा कोनात वाकलेला असतो, आणि तो अत्यंत विषारी आहे. रानहळदीचा गड्डा लहान, गोलसर, कड्या-कड्यांचा, त्याला मुळं फुटलेली आणि मुळांच्या टोकाला गाठी. खात्री पटत नसेल तो कंद लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांच्या आवाक्यात ठेवू नका. आणि रानहळद ओळखीची असली तरी ती स्वयंपाकातल्या हळदीची बदली म्हणून वापरण्याच्या फंदात पडू नये.

कंद कुठून आणायचा

जंगलातून नाही. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून झाड उपटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि राखीव जंगलालाही वनकायदा लागू आहे. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही ते नुकसानीचंच. ऑगस्टमध्ये फुलं बघून हरखलेला माणूस त्याच वेळी झाड उपटतो, आणि फुलात असताना उपटलेल्या झाडाचं पान, तुरा, मूळ सगळंच आठवड्यात लोळतं. कंदात साठा भरायचा असतो तो पुढच्या दोन महिन्यांत. तो भरायच्या आतच त्याला उखडलेलं असतं.

देशी झाडांच्या रोपवाटिका आता बऱ्याच शहरांजवळ झाल्या आहेत. त्यांच्याकडे एप्रिल-मेमध्ये आधीच सांगून ठेवावं. कोकणात किंवा मावळात कोणाची स्वतःच्या मालकीची, झाडी असलेली जागा असेल तर बांधावरचे दोन-चार गड्डे तिथून मिळतात. ते मे महिन्यात काढायचे, म्हणजे जागा आदल्या पावसाळ्यातच खुणेची काठी रोवून ठेवायला हवी. मे महिन्यात जमिनीवर काहीच दिसत नसतं.

कंद हातात आला की नीट बघा. यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. मधला गड्डा, हळदवाले शेतकरी ज्याला जेठा गड्डा म्हणतात त्याचीच ही छोटी आवृत्ती. आणि त्याच्या मुळांच्या टोकांना लोंबणाऱ्या बदामाएवढ्या, कधी थोड्या मोठ्या गाठी. डोळा असतो तो फक्त गड्ड्याला. गाठींना डोळा नसतो. त्या नुसत्या अन्नपाण्याच्या कोठ्या आहेत आणि कितीही जपून लावल्या तरी त्यांना कोंब फुटत नाही. हौसेने आणलेल्या मूठभर ‘कंदां’मधून काहीच उगवलं नाही असं कोणी सांगितलं, तर बहुतेक वेळा त्याला नुसत्या गाठी मिळालेल्या असतात.

पण म्हणून गाठी तोडून टाकायच्या नाहीत. पहिला कोंब या कोठ्यांवरच उभा राहतो. थायलंडहून निर्यात होणारी सियाम ट्युलिप ही याच कुळातली, आणि तिच्या कंदांची प्रतवारी करताना गड्ड्याला अशा किती गाठी आहेत तेही मोजतात. तुम्हालाही निवड करता आली तर एक टणक, निदान दोन डोळे दिसणारा गड्डा आणि त्याला तीन-चार भरलेल्या गाठी, एवढं बघा. अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागणारा किंवा आंबट वास येणारा गड्डा परत करा.

सावली म्हणजे नेमकी कोणती

या बाबतीत मी जरा हट्टी आहे, कारण ‘सावलीतलं झाड’ या दोन शब्दांवर विसंबून फार रोपं अंधारात ठेवली जातात.

रानहळद जिथे वाढते ते जंगल बहुतांशी पानगळीचं किंवा निमसदाहरित असतं. मे अखेरीला तिथे झाडांवर पालवी विरळ असते, उजेड जमिनीपर्यंत पोचतो. कोंब वर येतो तो या उजेडात. जुलैत वरचं छत दाट होतं, तोवर हिची पानं पुरती उघडलेली असतात आणि त्यांना गाळलेलं ऊन चालतं. म्हणजे तिला हवा असतो सुरुवातीला बऱ्यापैकी उजेड आणि पुढे चाळणीतून आल्यासारखी सावली. करंज, बहावा, पांगारा, शिरीष यांच्याखाली हे आपोआप जमतं. जुन्या डेरेदार आंब्याखाली जमत नाही. तिथे बाराही महिने अंधार असतो आणि न कुजणाऱ्या पानांचा जाड थर. तिथे पानं भरपूर येतील, तुरा येणार नाही. आंब्याच्या घेराच्या कडेला, जिथे सकाळचं तिरपं ऊन शिरतं, तिथे लावा.

इमारतीची सावली वेगळी. ती झाडाच्या सावलीसारखी ऋतूनुसार विरळ-दाट होत नाही, तिथे एक तर ऊन असतं नाहीतर नसतं. पूर्वेची बाजू सगळ्यांत चांगली: सकाळी दोन-तीन तास कोवळं ऊन, मग दिवसभर सावली. उत्तरेची बाजू उघड्या आभाळाची असेल तर चालते. पश्चिमेचं दुपारचं ऊन पावसाळ्यात ढगांमुळे सौम्य वाटतं, पण ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप पडली की पानांच्या कडा करपतात. आणि भिंतीलगत लावताना वर छज्जा आहे का ते बघा. छज्जाखाली पावसाचा थेंब पडत नाही, आणि भर जुलैत झाड तहानलेलं राहतं.

कोकणातल्या वाचकांसाठी एक खास सूचना. सुपारीच्या बागेतली सावली रानहळदीला अगदी मापाची आहे, पण त्या बागेला उन्हाळाभर शिंपणं असतं. त्यात झोपलेला गड्डा कुजतो. बागेत लावायचीच हौस असेल तर पाटापासून दूर, उंच बांधाच्या बाहेरच्या अंगाला लावा.

माती आणि जागेची तयारी

हे काम एप्रिल अखेरीपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावं.

हिला भुसभुशीत, पालापाचोळा कुजून तयार झालेली माती आवडते. पाणी भरपूर लागतं, पण ते थांबलेलं चालत नाही. कोकणातली आणि घाटमाथ्यावरची तांबडी माती जवळजवळ तयारच असते, वर कुजलेला पाला मिसळला की झालं. पुण्यापासून पूर्वेला, मराठवाड्यात आणि विदर्भात काळी माती असेल तर खड्डा खणून त्यात चांगली माती भरण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही. काळ्या मातीतला खड्डा पावसात पाण्याची टाकी होतो. त्यापेक्षा जमिनीवरच वीतभर उंच वाफा करा, कडेला दगड लावा आणि त्यात दोन भाग तांबडी माती, दोन भाग पुरता कुजलेला पाला, एक भाग भरड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा असं मिश्रण घाला. मूठभर गांडूळखत पुरे. शेणखत घातलंत तर ते वर्षभर मुरलेलं हवं, ताज्या शेणखतातून हुमणी ही अळी येते आणि ती गड्डा पोखरते. रासायनिक खताची गरज नाही. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि तुरा पानांत हरवतो.

झाडाखाली वाफा करत असाल तर झाडाची मुळं तोडू नका आणि बुंध्यालगत मातीचा ढीग चढवू नका. बुंध्यापासून हात-दीड हात सोडून, मुळांच्या मधल्या खाचांत माती भरून घ्या. रानातही ती अशाच खाचांत, दगडांच्या बेचक्यांत दिसते.

कुंडीत लावायची तर कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी निवडा. बारा इंच तोंडाच्या कुंडीत तीन गड्डे नीट राहतात. निव्वळ कोकोपीट वापरू नका. ते वरून कोरडं दिसतं आणि तळाशी ओलं राहतं, आणि हिवाळ्यात नेमकं तेच आपल्याला नको आहे. कुंडी मातीची असल्यास उत्तम, तळाला मोठं भोक हवंच.

लावणी

रोहिणी नक्षत्र लागलं, म्हणजे २५ मेच्या आसपास, की लावायला घ्या. मृगाचा पाऊस येईपर्यंत गड्डा जमिनीत असावा. वळीव आधीच झाला असेल आणि डोळे फुगलेले दिसत असतील तर थांबू नका.

गड्डा डोळे वर करून ठेवा, गाठी खाली सैल पसरू द्या. त्या दाबून कोंबल्या तर जोडणारं बारीक मूळ तुटतं आणि कोठीचा उपयोग संपतो. गड्ड्याच्या माथ्यावर चार ते पाच सेंटिमीटर माती, म्हणजे आडवी तीन बोटं. दोन गड्ड्यांत वीत-सव्वा वीत अंतर. एकेकटा गड्डा लावण्यापेक्षा पाच-सहांचा पुंजका करा. एकटा तुरा सावलीत हरवून जातो, पुंजका लांबून दिसतो. वरून सुक्या पाल्याचा दोन बोटं थर द्या, आणि खुणेची काठी रोवा. काठी विसरू नका, ती डिसेंबरात कामी येणार आहे.

लावल्यावर एकदाच हलकं पाणी द्या आणि पावसाची वाट बघा. पाऊस लांबला तर आठवड्यातून एकदा ओल पुरेशी आहे. कोंब नसताना रोज पाणी घालणं म्हणजे कंदकुजीला आमंत्रण. नियमित पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत टोकदार गुंडाळीचा कोंब वर येतो. महिना उलटूनही काही दिसलं नाही तर बाजूने बोटाने माती हळूच सरकवून बघा, वरून खुरपं मारू नका.

पावसाळ्यात

पहिला तुरा कधी बाजूने, पानं पुरती मोठी होण्याआधीच निघतो. नंतरचे पानांच्या मधून येतात. जुलै ते सप्टेंबर हा फुलण्याचा काळ. पहिल्या वर्षी तुरा आला नाही तर निराश होऊ नका, गड्डा लहान असेल तर तो आधी गाठी भरतो.

पाऊस पडून गेल्यावर छदांच्या खोबणींत पाणी साठलेलं असतं. ते काढायची गरज नाही. सकाळी फुलं ताजी असताना तिथे पाच मिनिटं बसा. फुलातल्या परागकोशाला तळाशी दोन टोकदार शिंगं असतात. मधमाशी आत शिरताना ती ढकलते, आणि परागकोश पुढे झुकून तिच्या पाठीला टेकतो. वाळलेल्या गवताची काडी हलकेच आत सारलीत तरी ही करामत बघता येते.

ऑगस्टमध्ये उघडीप पडली आणि दुपारी पानं लांबीत गुंडाळायला लागली तर संध्याकाळी मुळाशी पाणी द्या. देशावर हे हमखास करावं लागतं, कोकणात क्वचितच. पावसाने माती वाहून गड्डा उघडा पडला असेल तर हळदीला देतात तशी हलकी भरणी द्या, पण मातीची नाही, कुजलेल्या पाल्याची.

सगळ्यांत मोठा शत्रू गोगलगाय, त्यातही शेंबडी. कोवळा कोंब एका रात्रीत फस्त होतो. ओलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलून मिठाच्या पाण्यात टाका. चुन्याची रेघ पावसात टिकत नाही. बाजारात मिळणाऱ्या गोगलगायीच्या विषारी गोळ्या कुत्र्यांसाठी जीवघेण्या आहेत, घरात कुत्रा असेल तर त्या आणूच नका.

पान कडेने दुमडून रेशमाने शिवल्यासारखं दिसलं तर आत हिरवट अळी असते. ती ग्रास डेमन या फुलपाखराची, गडद तपकिरी पंखांवर ठळक पांढरा डाग असलेल्या. हळदीच्या कुळावरच ते वाढतं. पाच-सहा पानांतलं एखादं पान तिला गेलं तर झाडाला काही होत नाही, तिला राहू द्या.

खोड बुडाशी पिवळं-मऊ पडून ओढल्यावर सहज हातात आलं, तर ती कंदकूज. तो गड्डा आसपासच्या मातीसकट काढून टाका, शेजारच्यांची माती मोकळी करा आणि निचऱ्याला वाट द्या. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळलेलं शेणखत लावणीच्या वेळीच घालून ठेवलं तर हा प्रसंग टळायला मदत होते. कूज एकदा लागल्यावर औषध ओतून गड्डा वाचल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

गौरी-गणपतीला तुरा कापायचा असेल तर तुऱ्याचा दांडाच तेवढा कापा, पानं ठेवा.

पानं पिवळी पडल्यावर

ऑक्टोबर हिटमध्ये पानांच्या कडा पिवळ्या व्हायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं झाड सुकतंय, आणि माळी पाइप घेऊन धावतो. उलट करायचं आहे. पहिलं पान पिवळं दिसलं की पाणी निम्म्यावर आणा. निम्मी पानं पिवळी झाली की बंद करा. पानं कापू नका. त्यांतलं अन्न या दिवसांत खाली गड्ड्यात आणि गाठींत उतरत असतं. पान पूर्ण वाळून हाताने सुटं होईल तेव्हाच काढा आणि तिथेच आच्छादन म्हणून पसरून द्या.

नोव्हेंबर अखेरीला जमिनीवर काही उरत नाही. आता काठीचं काम. सोसायटीच्या बागेत ‘मोकळी जागा’ दिसली की कोणीतरी तिथे शेवंती लावतं आणि रोज पाणी सुरू होतं. काठीला पाटी लावा: ‘खाली कंद आहेत, पाणी घालू नये.’ माळीदादांशी प्रत्यक्षही बोला, पाटी वाचली जाईलच असं नाही.

जमिनीतल्या कंदांना मेपर्यंत काहीच करायचं नाही. कुंडी मात्र गच्चीवर तापू देऊ नका. ती उचलून जिन्याखाली किंवा कपाटामागच्या कोरड्या, गार जागी ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये लहान कुंडीतली माती भाजल्यासारखी कोरडी होते. तेव्हा महिन्यातून एकदा कडेने पेलाभर पाणी शिंपडायला हरकत नाही, त्याहून जास्त नको. घरात घुशींचा त्रास असेल तर कुंडीवर जाळी बांधा. गावाकडे साळिंदर आणि रानडुक्कर उन्हाळ्यात कंद उकरतात, तिथे वाफ्यावर काटेरी फांद्या पसरून वर दगड ठेवतात.

शेजारी काय लावावं

शेजारीही असे हवेत की ज्यांना उन्हाळ्यात पाणी लागत नाही. काळी मुसळी बुटकी आणि पिवळ्या चांदणीची, पुढच्या रांगेत शोभते. पेव उंच वाढतो आणि पांढऱ्या फुलांनी मागची बाजू भरतो, त्याचाही कंद हिवाळ्यात झोपतो. तेरडा उजेडाच्या कडेला फेका, तो स्वतःच दरवर्षी उगवेल. वेडेलियासारखा पसरणारा वेल मात्र जवळ येऊ देऊ नका, पुढच्या जूनमध्ये कोंबाला वर यायला वाट राहत नाही.

गड्डे वेगळे करणं

तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुंजका दाट होतो आणि तुरे लहान यायला लागतात. मेच्या मध्यावर, डोळे जेमतेम फुगत असताना, अख्खा पुंजका काट्याने खालून उचला. पाण्याने धुऊ नका, माती झटका. गड्डे जिथे सहज सुटे होतात तिथेच हाताने मोडा, प्रत्येक तुकड्याला निदान एक ठळक डोळा आणि दोन-तीन गाठी राहतील असं बघा. मोडलेली जागा दोन दिवस सावलीत वाळू द्या, राख लावली तरी चालेल. मग लगेच लावा.

कोणाला द्यायचे असतील तर वर्तमानपत्रात सैल गुंडाळून कागदी पिशवीत द्या. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी येते. पिशवीवर शास्त्रीय नाव, फुलाचा रंग आणि मूळ कंद कुठल्या भागातला ते लिहा, आणि खाली ठळक अक्षरात: पाणी मृगापासून पानं पिवळी पडेपर्यंत.